गॅरेजचा स्लॅब दर पावसाळ्यात गळतो आणि तीन कॉन्ट्रॅक्टरचे तीन रेट, कोटेशन वाचायचं कसं?

प्रॉब्लेम नेहमीचाच आहे. निगडी प्राधिकरणात जुना बंगला, बाजूला नंतर बांधलेलं गॅरेज, वर सपाट आरसीसी स्लॅब आणि स्लॅबवर जुना कोबा, म्हणजे ढाळ देऊन घातलेला विटांच्या रोड्यांचा आणि सिमेंटचा थर. मृगाचा पाऊस सुरू झाला की सीलिंगला ओल धरते, जुलैत थेंब पडायला लागतात, आणि तेही साधे नाहीत, सिमेंटमधला चुना बरोबर घेऊन येणारे, बॉनेटवर वाळले की पांढरे डाग पडतात आणि पॉलिशवाल्याकडे गेल्याशिवाय निघत नाहीत. दिवाळीच्या आसपास कोणीतरी मिस्त्री येतो, वरून काहीतरी फासतो, पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या जूनमध्ये पहिले पाढे पंचावन्न.

यंदा म्हटलं ही फासाफाशी बंद, रीतसर तीन कोटेशनं घेऊ. ती आली ती अशी.

पहिला: "टेरेस वॉटरप्रूफिंग केमिकल कोटिंग, २ कोट, ३०० स्क्वे. फूट, रेट ३८, टोटल ११,४००. दहा वर्षं गॅरंटी."

दुसरा: "एपीपी मेम्ब्रेन ४ मिमी, आहे त्या कोब्यावर, ३८० स्क्वे. फूट, रेट ९५, टोटल ३६,१००, जीएसटी एक्स्ट्रा." म्हणजे १८ टक्के धरून ४२,५९८. (एपीपी मेम्ब्रेन म्हणजे डांबरी शीट.)

तिसरा: "जुना कोबा तोडणे, नवीन ब्रिकबॅट कोबा घोटून, २४० स्क्वे. फूट, रेट २१०, म्हणजे ५०,४००. वाटा ६४ रनिंग फूट, रेट ६०, म्हणजे ३,८४०. राडारोडा उचलणे ६,०००. पावसाळी पाइप बदलणे २,५००." टोटल ६२,७४०. (वाटा म्हणजे गच्ची आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात घातलेली मालाची गोल पट्टी.)

स्लॅब तोच, आणि रक्कम साडेअकरा हजारांपासून पावणेत्रेसष्ट हजारांपर्यंत. घरात लगेच दोन पक्ष पडले, बाबा म्हणाले मधला घे, मधला नेहमी बरा असतो, शेजारचे काका म्हणाले तिसरा सरळ सरळ लुटतोय. मधला घ्या हा सल्ला पंखा घेताना ठीक आहे, इथे नाही, कारण ही एका कामाची तीन कोटेशनं नाहीतच, तीन वेगळ्या कामांची एकेक आहेत. रेटची तुलना करायच्या आधी काम एकसारखं करून घ्यावं लागतं, आणि त्याच्याही आधी गळतंय कुठून ते कळावं लागतं, नाहीतर तिघांपैकी कुणालाही दिलं तरी सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

आधी गळती शोधा

खाली जिथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असणार असं धरून चालू नका. पाणी कोब्याच्या एखाद्या भेगेतून आत शिरतं, कोबा आणि स्लॅबच्या मधल्या फटीत पसरतं, ढाळ असेल तिकडे सरकतं आणि स्लॅबमध्ये जिथे चीर किंवा कच्चं काँक्रीट सापडेल तिथून खाली उतरतं. सहा-आठ फुटांचा फरक सहज पडतो. म्हणून "डाग दिसतोय तिथे वरून थोडं सिमेंट मारून देतो" म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

काही गोष्टी नुसत्या वेळेवरून कळतात. पाऊस थांबल्यावर तासाभरात टपकणं बंद होत असेल तर पाण्याचा रस्ता सरळ आहे, बहुतेक पावसाळी पाइपाचं तोंड किंवा भिंतीचा सांधा. उघडीप होऊन दोन-तीन दिवस झाले तरी टपकतंय, तर कोब्याच्या पोटात पाणी साठून बसलंय. आणि मार्च-एप्रिलमध्येही ओल असेल तर पावसाचा काही संबंधच नाही, वरून गेलेली टाकीची किंवा सोलरची पाइपलाइन तपासा, ते प्लंबरचं काम आहे, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवूच नका, तो नाही म्हणणार नाही.

मग छोटी हातोडी घेऊन वर जायचं आणि फूट-फूट अंतरावर कोब्यावर ठोकत जायचं. कोबा घट्ट बसलेला असेल तिथे खणखणीत वाजतो, सुटला असेल तिथे पोकळ. पोकळ जागेला खडूनं गोल करा आणि सगळ्याचा वरून एक फोटो काढा, हा फोटो पुढे फार कामाला येतो. आमच्याकडे अर्ध्याहून जास्त कोबा खडूनं भरला, पाइपाच्या कोपऱ्याकडे तर सलग.

शेवटी पाणी भरून बघायचं, कोरड्या दिवसांत. पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट बसवायचा, स्लॅबच्या मधोमध सिमेंट-वाळूच्या मालाचं आळं घालून दोन भाग करायचे, आधी एकाच भागात दोनेक इंच पाणी भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. पातळीला पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, खूण करा, शेजारी पाणी भरलेली बादली ठेवून तिच्यातही खूण करा, कारण उन्हानं थोडं पाणी तसंही उडतं, बादलीपेक्षा स्लॅबवरचं जास्त उतरलं तरच ते मुरलंय. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, धडधाकट स्लॅबला त्याचं काही वाटत नाही, पण खालून प्लास्टर पडून गंजलेल्या सळया दिसत असतील तर हा प्रयोग अजिबात करू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गंज चढला की लोखंड फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं, ते दुरुस्त करायचं काम वेगळं आणि त्याचं कोटेशनही वेगळं, वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनमध्ये "खालून प्लास्टर करून देऊ" अशी ओळ घुसडलेली असेल तर ती खोडा, गंजलेल्या सळीवर नुसतं प्लास्टर म्हणजे ते परत पडणार हे नक्की.

आमच्याकडे बंगल्याच्या भिंतीकडचा भाग भरला तेव्हा संध्याकाळपर्यंत खाली धार सुरू झाली. दुसऱ्या भागात नुसती ओल आली, तीही उशिरा. म्हणजे मुख्य चोर सांधा आणि त्याच्या जोडीला सुटलेला कोबा.

हा सांधा जरा समजून घ्या, कारण प्राधिकरणात, नाशकात, साताऱ्यात, जिथे जिथे बंगल्याला चिकटून नंतर गॅरेज काढलंय तिथे हेच असतं. बंगला आणि गॅरेज ही दोन वेगळी बांधकामं, पाया वेगळा, वय वेगळं. काँक्रीट तापलं की वाढतं, थंड झालं की आक्रसतं, सहा मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर लांबीत साधारण २ मिलिमीटरचा फरक पडतो. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या गच्चीला हे रोजचंच आहे. आता त्या फटीत कोणी सिमेंट भरलं तर ते कडक, ते हलणार नाही, मग बाजूला नवी केसाएवढी चीर पडणार, आणि पाण्याला तेवढी पुरते. दर दिवाळीला जे फासलं जात होतं ते नेमकं हेच होतं.

आता कोटेशन वाचू

सगळ्यात आधी टेप घेऊन स्वतः माप घ्या. आमचा स्लॅब पॅरापेटच्या आतून २० बाय १२, म्हणजे २४० स्क्वेअर फूट. कोणतंही वॉटरप्रूफिंग कडेला भिंतीवर निदान सहा इंच ते फूटभर चढवायला लागतं, चारी बाजूंचा घेर ६४ फूट, एक फूट चढवलं तर आणखी ६४, एकूण ३०४. आता तीन आकडे परत बघा. ३००, ३८०, २४०.

तिसऱ्यानं २४० धरले आणि वाटा वेगळा रनिंग फुटात दाखवला, हिशेब स्वच्छ आहे. पहिल्यानं ३०० धरले, पण भिंतीवर किती चढवणार याचा उल्लेख नाही, फोनवर विचारलं तर म्हणाला "ते आम्ही करतोच". दुसऱ्याचे ३८० कुठून आले हे कळायला जरा वेळ लागला. मेम्ब्रेनचा रोल एक मीटर बाय दहा मीटर असतो, शेजारच्या पट्टीवर दहा सेंटिमीटर आणि टोकाला साधारण पंधरा सेंटिमीटर ओव्हरलॅप, ते वजा जाता एक रोल साधारण ९५ स्क्वेअर फूट झाकतो. ३०४ ला तीन रोल पुरत नाहीत, चार उघडावे लागतात, चार गुणिले ९५ म्हणजे ३८०. चौथ्या रोलचा उरलेला तुकडा तो घेऊन जाणार आणि पैसे आपण देणार. कोटेशनवर एक ओळ लिहून घ्या, "प्रत्यक्ष झाकलेल्या पृष्ठभागाचं माप, ओव्हरलॅप धरणार नाही". तेवढ्यानं ७६ स्क्वेअर फूट, म्हणजे ७,२२० रुपये कमी झाले. आणि हो, कोणी ब्रासमध्ये रेट दिला तर क्षेत्रफळाचा ब्रास म्हणजे १०० स्क्वेअर फूट, वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, दोन्ही एकाच कागदावर असतील तर नीट बघा.

पहिल्याचं कोटिंग. मला कोटिंगचं वावडं नाही, उलट कोबा खणखणीत असेल, ढाळ बरोबर असेल आणि वरवर केसाएवढ्या भेगा असतील तर कोटिंग हाच स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे, कोबा तोडायचं काही कारण नाही. पण कोटिंगमध्ये "२ कोट" या शब्दांना काही अर्थ नाही, अर्थ आहे तो जाडीला. हिशेब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर सुकी जाडी हवी तर एक लिटर घन माल लागतो. ३०० स्क्वेअर फूट म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर, म्हणजे २८ लिटर घन माल. डब्यातलं सगळं काही घन नसतं, पाणी उडून जातं, समजा ६० टक्के घन असेल तर ४६-४७ लिटर कोटिंग लागेल. पहिल्याला विचारलं किती आणणार, म्हणाला वीस लिटरची एक बादली भरपूर होते साहेब, वर थोडं पाणी टाकतो मग ब्रश चांगला फिरतो. वीस लिटर म्हणजे बारा लिटर घन, अठ्ठावीस चौरस मीटरवर पसरले की अर्ध्या मिलिमीटरच्याही आत.  ते हलत्या सांध्यावर एक पावसाळा टिकलं तरी नशीब.

म्हणून कोटिंगच्या कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून मागा: मालाचं पूर्ण नाव, एकूण लिटर, आणि सुकल्यावरची जाडी. मग त्या मालाचं कंपनीचं माहितीपत्रक मोबाइलवर काढून त्यावरचं कव्हरेज जुळतं का ते बघा. सीलबंद बादली तुमच्यासमोर उघडायची आणि रिकामी बादली काम संपेपर्यंत तिथेच ठेवायची, हेही आधीच सांगून टाका, पुष्कळ जण तिथेच गळतात.

दुसऱ्याचं मेम्ब्रेन. माल चांगला, चार मिलिमीटर डांबरी शीट, गॅसच्या टॉर्चनं तापवून चिकटवतात, व्यवस्थित लावलं तर वर्षानुवर्षं चालतं. गोम "आहे त्या कोब्यावर" या तीन शब्दांत आहे. कोब्याच्या पोटात पाणी असताना वरून झाकण घातलं तर उन्हात त्याची वाफ होते, तिला वर जायला जागा नाही, मेम्ब्रेनला फोड येतात, आणि उरलेलं पाणी खाली तुमच्या गाडीवर येत राहतं, म्हणजे वरचं काम एक नंबर आणि गळती चालूच. पृष्ठभाग खरंच सुका आहे का ते बघायचं तर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून थेंब दिसले तर आत ओल आहे, कोटिंग असो की मेम्ब्रेन, थांबायचं.

शिवाय दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये प्रायमर नाही, भिंतीवर किती चढवणार नाही, चढवलेली कड भिंतीत खाच मारून आत दाबणार की नुसती चिकटवून सोडणार ते नाही. नुसती चिकटवलेली कड एक-दोन उन्हाळ्यांत सुटते आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी थेट तिच्या मागे जातं. वर संरक्षण काय, तेही नाही. साध्या मेम्ब्रेनवर ऊन पडत राहिलं की ते कडक होऊन तडकतं, आणि गच्चीवर लोक जातात, कुरडया वाळत घालतात, टाकी धुवायला माणूस चढतो. एक तर वरून खडी-पावडरचा थर असलेलं घ्यायचं किंवा वर पातळ कोबा करायचा, आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये आत्ताच दिसले पाहिजेत.

तिसऱ्याचं कोटेशन बघून काका म्हणाले लुटतोय, पण कागद नीट वाचला तर तिघांपैकी फक्त त्याच्याच कोटेशनमध्ये तोडफोड धरलेली होती आणि राडारोडा, वाटा, पाइप या ओळी वेगळ्या लिहिलेल्या होत्या. तरी दोन भोकं होतीच. कोबा तोडल्यावर उघड्या स्लॅबला काय करणार ते लिहिलेलं नाही, आणि बंगल्याच्या भिंतीच्या सांध्याबद्दल चकार शब्द नाही. नुसता कोबा काढून नुसता कोबा टाकला तर नवीन कोबा जुनाच रोग घेऊन म्हातारा होणार. स्लॅब उघडा पडतो तो मौका परत येत नाही, तेव्हाच चिरा व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टर भरायचं, सगळ्या स्लॅबला आणि कडांना पॉलिमर-सिमेंटचे दोन हात एकमेकांना आडवे मारायचे, मग वर कोबा.

मध्येच एक चौथा पण भेटला होता, कोटेशन दिलं नाही, तोंडीच सांगितलं, "तोडफोड कशाला, आहे त्या कोब्यावर दुसरा कोबा टाकू, अर्ध्या पैशात". याला मात्र हात जोडून नाही म्हणा. पाइपाकडे दोन इंच आणि पलीकडच्या टोकाला साडेचार इंच अशा कोब्याची सरासरी जाडी ८० मिलिमीटर धरली तर चौरस मीटरला साधारण १५० किलो वजन होतं. वर जाता येणाऱ्या गच्चीसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे डिझाइनमध्ये जो चालता-फिरता भार धरतात तोही १५० किलोच आहे. म्हणजे माणसं, टाकी, पाणी यांच्यासाठी ठेवलेली सगळी ताकद हा दुसरा कोबा एकटा खाऊन टाकणार, आमच्या गॅरेजवर ते ओझं तीन टनांच्या वर जातं. आणि गळका कोबा खाली तसाच.

तिघांना एकच मेसेज

मग मी एकच मेसेज तयार करून तिघांना व्हॉट्सअॅपवर टाकला, खडूच्या खुणांचा फोटो जोडून. तुम्हाला लागला तर उचला, मापं बदला:

"नमस्कार, खालील कामासाठी आयटमप्रमाणे रेट द्यावा. १) जुना कोबा स्लॅबपर्यंत तोडणे, मोठा ब्रेकर वापरायचा नाही, छन्नी-हातोडा किंवा छोटं मशीन. २) राडारोडा गोणीत भरून महापालिकेनं ठरवलेल्या जागी नेणे. ३) स्लॅबच्या चिरा खोदून पॉलिमर मॉर्टर भरणे. ४) स्लॅब आणि कडेनं भिंतीवर १ फूट उंचीपर्यंत वॉटरप्रूफ कोट, मालाचं नाव आणि एकूण किलो लिहावे. ५) बंगल्याच्या भिंतीच्या सांध्याला खाच मारून पीयू सीलंट, २० रनिंग फूट. ६) वरचा थर कोबा किंवा मेम्ब्रेन, ढाळ १०० ला १, मेम्ब्रेन असेल तर वरचं संरक्षण धरून. ७) चारी बाजूंना वाटा. ८) पावसाळी पाइप ४ इंची, तोंड कोब्याच्या पातळीखाली, जाळीसह. ९) ४८ तास पाणी भरून टेस्ट, दोनदा, एकदा कोटनंतर आणि एकदा काम संपल्यावर. १०) जीएसटी धरून की सोडून ते स्पष्ट लिहावे. माप प्रत्यक्ष पृष्ठभागाचं."

पीयू सीलंट म्हणजे सांध्यात भरायचा रबरासारखा लवचिक माल, सांधा हलला तरी तो सिमेंटसारखा तडकत नाही. पाइप चार इंची का, तर चार इंचीचं तोंड तीन इंचीच्या जवळजवळ पावणेदोनपट मोठं असतं, आणि शेजारच्या आंब्याची पानं कोणत्या कोपऱ्यात जमा होतात ते पुण्याच्या पहिल्या वळवात कळतं. ढाळाचं गणित सहा मीटरला सहा सेंटिमीटर.

पहिल्यानं मेसेजला उत्तरच दिलं नाही, फोन केला तर म्हणाला, "साहेब, एवढं लिहून कोण देतं, तुम्ही नुसतं हो म्हणा, मी करून देतो." बरं झालं, एक नाव आपोआप कमी झालं. दुसऱ्याचं नवीन कोटेशन ६८,००० आणि जीएसटी, म्हणजे ८०,२४०. तिसऱ्यानं जुन्यात सांध्याचे २० फूट दीडशेच्या रेटनं ३,००० आणि कोटचे ३०४ फूट तीसच्या रेटनं ९,१२० वाढवले, टोटल ७४,८६०. आधी एक्कावन्न हजारांचा फरक होता तो आता पाच हजारांवर आला, आणि हा फरक मात्र खराखुरा, काम तेच आणि माणूस वेगळा.

तिसऱ्याच्या कोटेशनमध्ये जीएसटी नाही यावरून दचकू नका. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी लावूच शकत नाही. उलट जो लावतो त्याच्या कागदावर पंधरा अक्षरी नंबर असायला हवा, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ नं, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. "बिल नको म्हणाल तर १८ टक्के वाचतील" ही ऑफर पण येते, माझं मत विचाराल तर घेऊ नका, पुढे भांडायची वेळ आली तर हातात कागदच नसतो.

काम दिलं तिसऱ्याला. पाच हजारांपेक्षाही मला हे आवडलं की पहिल्या भेटीतच तो पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन आला होता आणि पाइपाचं तोंड कोब्यापेक्षा अर्धा इंच वर असल्याचं त्यानंच दाखवलं, बाकीच्या दोघांनी खालूनच मोबाइलमध्ये फोटो काढून नेला होता. गच्चीवर न चढता दिलेलं कोटेशन माझ्या लेखी कोटेशनच नाही.

पैसे आणि गॅरंटी

पैशांचे टप्पे कामाला बांधा, तारखेला नको. आमचं ठरलं ते असं: ३० टक्के ॲडव्हान्स, ३० टक्के स्लॅबवरचा कोट होऊन पहिली पाण्याची टेस्ट पास झाल्यावर, ३५ टक्के कोबा पूर्ण होऊन दुसरी टेस्ट पास झाल्यावर, आणि ५ टक्के पुढचा पावसाळा गेल्यावर. मी दहा टक्के राखून ठेवायला मागितले होते, पाचावर तुटलं. पन्नास-साठ टक्के ॲडव्हान्स मागणारा बहुतेक वेळा आधीच्या साइटचं सिमेंटचं बिल तुमच्या पैशातून भरत असतो.

दहा वर्षं गॅरंटी ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, शाईशिवाय त्यात काही जात नाही. स्टॅम्प पेपरवर देतो म्हणाला तरी हुरळू नका, पेपरमुळे गळती थांबत नाही. गॅरंटीत हे लिहिलेलं हवं: कोण देतंय, कंपनी की कॉन्ट्रॅक्टर, कारण कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा मालापुरती असते, गळती निघाली तर किती दिवसांत येणार, परत तोडायला लागलं तर मजुरी कोणाची, आणि सांधे आणि पाइपाचं तोंड गॅरंटीत आहेत का. ही शेवटची ओळ अवश्य बघा, पुष्कळ छापील गॅरंट्यांत बारीक अक्षरात "जॉइंट व आउटलेट वगळून" असतं, म्हणजे गळतं ते सगळं वगळून.

कोटेशन, बिल आणि बँकेतून दिलेले पैसे एवढं हातात असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, कामाची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. हेल्पलाइन १९१५. पण खरं सांगायचं तर राखून ठेवलेल्या पाच टक्क्यांमुळे फोन जेवढ्या पटकन उचलला जातो तेवढा दुसऱ्या कशानंही नाही.

काम चालू असताना काय बघायचं

सगळा दिवस डोक्यावर उभं राहायची गरज नाही, दोन-तीन वेळा मात्र हजर राहा. कोबा निघाल्यावर स्लॅब झाडून, धुऊन, चिरा दाखवल्याशिवाय कोट सुरू करायचा नाही. विटांचे रोडे टाकायच्या आधी पाण्यात भिजवलेले हवेत, कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल कच्चा राहतो. वॉटरप्रूफिंग पावडर किंवा लिक्विड मालात टाकताना गोणीमागे किती ते डब्यावर लिहिलेलं असतं, गड्याच्या अंदाजानं नाही. वाटा गोल आणि भरीव, आत रोड्याचे तुकडे घालून, वरून घोटून. कोबा झाला की गोणपाट टाकून किंवा आळी करून निदान आठवडाभर पाणी, मेमध्ये केलं तर दहा-बारा दिवस, कोबा पहिल्याच आठवड्यात सुकला तर भेगा तेव्हाच पडतात.

हे जुलैत वाचत असाल आणि आत्ता डोक्यावर थेंब पडत असतील तर आत्ता काही पक्कं काम करू नका, ओल्या स्लॅबवर काहीही धरत नाही आणि पावसात "आज करून देतो" म्हणणाऱ्याकडे इतर कुणी काम दिलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. ताडपत्री घाला, ती पॅरापेटवरून बाहेर सोडून विटांनी दाबा, पाइपाचं तोंड दर दोन-चार दिवसांनी साफ करा, गाडी बाहेर काढा. खाली सीलिंगवर पेन्सिलीनं डागाच्या कडा आखून तारीख लिहा आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ टपकतं ते बघून ठेवा. सप्टेंबरअखेर कोटेशनं मागवायला घ्या, दिवाळीनंतर मिस्त्री मोकळे असतात, मेच्या शेवटच्या आठवड्यात तेच लोक फोन उचलत नाहीत आणि उचलला तर रेट वेगळा सांगतात.